तुआनची सुई आणि पोक सेनची झोप

तुम्पातमधल्या आमच्या गल्लीत शुगर नसलेलं घर शोधायला गेलं तर संध्याकाळ होते. आमच्याकडे माशाच्या कालवणातही साखर पडते आणि चहात साखर घालून वर आटवलेलं दूध घालतात, कारण नुसता चहा पाहुण्याला दिला तर पाहुणा काय म्हणेल. तेव्हा पोक सेनच्या मांजराला शुगर झाली, हे ऐकून कुणी फारसं दचकलं नाही. ‘आता तोही आपल्यातलाच झाला,’ एवढंच माझी बायको म्हणाली.

पोक म्हणजे काका; पोक सेन म्हणजे निक हुसेन, आमच्या समोरच्या घरातला. वय सत्तावन्न. बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात तो एकवीस वर्षं मशीनवर होता. मासेमारीच्या होड्यांना लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या तिथे चोवीस तास बनतात, त्यामुळे कामाच्या पाळ्या तीन: सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. दर आठवड्याला पाळी बदलायची. बायको वारलेली, मुलगी सुहैला क्वालालंपूरला. मांजर मुलीचं. नोकरी लागल्यावर ‘आबाह, दोनच महिने सांभाळा, घर लावलं की घेऊन जाते’ असं सांगून ती ते ठेवून गेली, त्याला चार वर्षं झाली. घर अजून लावणं चालू असावं.

मांजराचं नाव तुआन, म्हणजे साहेब. पिवळा, सात किलोचा बोका. काम काही करत नसे आणि सगळं जागच्या जागी हवं असे, त्यामुळे नाव शोभत होतं.

साहेब अचानक वाळायला लागले. दिवसभर पाणी प्यायचे आणि त्या हिशेबाने बाकीचंही. पोक सेनने त्याला टोपलीत घालून, मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसवून कोटा भारूला डॉक्टर हझवानीकडे नेलं. ही हझवानी वयाने सुहैलाएवढी, पण बोलण्यात तिची आजी. तिने रक्त तपासलं आणि सांगितलं, “मधुमेह आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन. खाणं झालं की लगेच, दोन युनिट. सकाळी सातला दिलंत तर संध्याकाळी सातला. रोज.”

“रोज म्हणजे किती दिवस?”

“रोज म्हणजे रोज, पोक.”

“माझी पाळी बदलते दर आठवड्याला.”

“मांजराची नाही बदलत,” डॉक्टर म्हणाली आणि सुया पिशवीत भरल्या.

मुलीला कळवलं तेव्हा तिने व्हिडिओ कॉलवर डोळे पुसले. मग म्हणाली, “आबाह, तुम्ही ताण घेऊ नका. मांजरांना आपला ताण लगेच कळतो.” तिच्या मागे खिडकीतून शहरातल्या उंच इमारती दिसत होत्या. पोक सेनने फोन तुआनपुढे धरला. तुआनने तिला पाठ दाखवली.

रात्रपाळीचा आठवडा त्यातल्या त्यात बरा होता. सहाला सुटायचं, सातच्या आत घर गाठायचं, साहेबांना खाऊ घालायचं, मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई द्यायची आणि आडवं व्हायचं. पहिल्या पाळीच्या आठवड्यात सकाळी सातला पोक सेन मशीनसमोर असे, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी सातला. मग त्याने स्वतःच्या डोक्याने एक तोड काढली. दुसऱ्या पाळीत जेवणाच्या सुट्टीत तो मोटरसायकल काढायचा, सोळा मिनिटांत घरी, चार मिनिटांत मांजर, सोळा मिनिटांत परत. पहिल्या पाळीत सकाळी हाच प्रकार, फक्त तेव्हा सुट्टी नसायची, तर जोडीदाराला ‘जरा पोट बिघडलंय’ असं सांगायचं. आठवडाभर रोज सातला पोट बिघडणारा माणूस पाहून जोडीदाराने त्याला पेरूची पानं आणून दिली, उकळून प्यायला.

स्वतःचं जेवण त्या धावपळीत राहूनच जायचं. झोपेचं तर विचारू नका. दिवसा डोळा लागला की साहेब पाण्याचं भांडं उलटं करायचे, कारण ते रिकामं झालेलं असायचं. पोक सेन उठून भरायचा. गल्लीतले लोक येता-जाता सल्ले देत होते. कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी दालचिनी. हे सगळे ओट्यावर बसून, हातात अंड्याचा गोड अकोक धरून सांगत होते.

तिसऱ्या महिन्यात जे व्हायचं ते झालं. बर्फ तयार झाला की लोखंडी साच्यांची अख्खी रांग क्रेनने उचलून साध्या पाण्याच्या हौदात बुडवायची असते, म्हणजे लाद्या साच्यापासून सुटतात. मिनिटभराचं काम. पोक सेनने रांग बुडवली आणि मिनिट मोजायला म्हणून खांबाला टेकला. त्याला जाग आली तेव्हा साच्यांतून बारीक चकत्या तरंगत होत्या. बाहेर एक होडीवाला बर्फाची वाट बघत उभा होता. त्याने साच्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “पोक, एवढा बर्फ माझ्या सरबताला पुरेल.”

मालकाने बोलावून घेतलं. तौके गान हा तसा वाईट माणूस नव्हता, फक्त सगळं लेखी मागायचा. पोक सेनने एकवीस वर्षांत पहिल्यांदा खुलासा लिहिला: ‘मांजरास मधुमेह असल्याने झोप झाली नाही.’ तौकेने ते दोनदा वाचलं.

“माझ्या आईला शुगर आहे बारा वर्षं. मी एक दिवस तरी झोपलो का कामावर?”

“तिला इंजेक्शन कोण देतं, तौके?”

“बाई ठेवलीय.”

तौकेने खुलासा फायलीत लावला. मग म्हणाला, “पाळी कायमची करून देता येणार नाही. एकाला दिली की सगळे मागतील. सगळ्यांच्या घरी काही ना काही असतंच.” कार्यालयातल्या मुलींनी तो खुलासा झेरॉक्स करून पाण्याच्या मशीनवर चिकटवला, हे मात्र तौकेला माहीत नव्हतं.

तेव्हा पोक सेन मोठ्या बहिणीकडे गेला. कक म्हणजे ताई; कक नाब दोन घरं सोडून राहते. साठी ओलांडलेली, गल्लीतली सगळ्यांत जुनी शुगर तिची. तिला सरकारी दवाखान्याने इन्सुलिनचं पेन दिलं होतं. ते फ्रिजमध्ये बुडूच्या, म्हणजे आंबवलेल्या माशांच्या रसाच्या, बाटलीमागे आठ महिने तसंच पडून होतं, कारण कक नाबला सुईची भीती वाटते.

“तुला मांजराला सुई द्यायला जमेल का?” पोक सेनने विचारलं.

“सुई मला टोचायचीय का?”

“नाही.”

“मग न जमायला काय झालं?”

आणि खरंच जमलं. पोक सेन कामावर असला की ती सातच्या ठोक्याला यायची, बाह्या सरसावून तुआनला मांडीवर घ्यायची, सुई द्यायची आणि वर त्यालाच ऐकवायची, “एवढं काय तोंड करतोस, मुंगी चावल्यासारखं तर असतं.” मी एकदा दारातून म्हटलं, “कक, हे तुमच्या पेनालाही सांगा.” त्यावर तिने मला अशा नजरेने पाहिलं की मी बायकोने न बोलावताही घरी गेलो.

सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना रात्रपाळीचा एक आठवडा आला. होड्यांचा हंगाम जोरात होता, पोक सेनला सलग पाच रात्री बसायलाही मिळालं नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी तो घरी आला, साहेबांना खाऊ घातलं, सुई दिली आणि तिथेच जमिनीवर भिंतीला टेकून झोपला. नऊच्या सुमाराला जाग आली. समोर रिकामी ताटली, बाजूला तुआन, आणि डोक्यात काहीच नाही. सुई दिली की फक्त देणार होतो? खूप आठवून पाहिलं. आठवली ती कालची की आजची, कळेना. डॉक्टरने बजावलं होतं की शंका आली तर देऊ नका, एक चुकली तर काही बिघडत नाही. पण न झोपलेल्या माणसाला नेमकं तेवढंच आठवत नाही. त्याने दुसरी सुई दिली.

साडेअकराला त्याची हाक आली. आमच्या गल्लीत पोक सेनचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. मी धावलो. कक नाब माझ्या आधी पोचली होती. तुआन दारुड्यासारखा झोकांड्या खात होता, मागचे पाय कोसळत होते, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. पोक सेन हातात दोन वापरलेल्या सुया धरून उभा होता, पहिली ताटलीखाली सापडलेली. “मी दोनदा दिली, कक. दोनदा दिली मी.”

कक नाब आल्या पावली वळली. ती घरी गेली आणि नीसानची बाटली घेऊन आली, ताडाच्या गुळाचा तो काळा पातळ पाक. डॉक्टरांनी तिला ज्या ज्या गोष्टी घरात ठेवू नका म्हणून सांगितलं होतं, त्या सगळ्या तिच्याकडे मोठ्या बाटल्यांत होत्या. तिने बोट बुडवलं आणि तुआनच्या हिरड्यांवर पाक चोळला. परत बुडवलं, परत चोळला. तो चावला तरी हात मागे घेतला नाही. “तोंडात ओतायचा नाही, ठसका लागेल,” ती म्हणाली, “गोळ्यांनी मला असं व्हायचं तेव्हा आई अशीच चोळायची.” दहा मिनिटांनी तुआनने मान उचलली.

साइडकारमध्ये कक नाब, तिच्या मांडीवर टोपली, आणि गाडी मी चालवली, कारण पोक सेनच्या हातात ती देण्याइतका मी शूर नाही. तो माझ्या मागे बसून वाटभर माझ्या पाठीवर डोकं टेकून होता. रडत होता की झोपला होता, मी विचारलं नाही.

हझवानीने सलाइन लावलं, दर अर्ध्या तासाला रक्त तपासलं. दुपारी ती बाहेर आली. “वाचला. पाक कुणी लावला?”

कक नाबने हात वर केला, शाळेत करतात तसा.

“तुम्हीच वाचवलंत त्याला. तुम्हाला कसं माहीत?”

“मला आहे ना शुगर.”

“किती असते?”

“आपण मांजरासाठी आलोय,” कक नाब म्हणाली.

“किती असते, कक?”

तिथल्या तिथे डॉक्टरने मांजराच्याच मशीनने तिचं बोट टोचलं. नियमात बसत नसणार, पण कुणी बघत नव्हतं. आकडा आला तो पाहून हझवानीने तो मोठ्याने वाचला नाही. नुसता कागदावर लिहून दिला आणि म्हणाली, “मांजराचा यापेक्षा कमी होता, पहिल्या दिवशी.”

दुसऱ्या दिवशी पोक सेन तौकेकडे गेला. या वेळी त्याने काही लिहून नेलं नाही. उभं राहून सांगितलं, “काल मी झोपेत मांजर मारलं असतं. उद्या कारखान्यात अमोनियाचा वाल्व्ह माझ्याच हातात आहे, तौके.” तौके गानने हे लेखी मागितलं नाही. पहिली पाळी कायमची मिळाली, सहा ते दोन. बाकीचे तक्रार करतील ही तौकेची भीती व्यर्थ होती. पहाटे उठायची पाळी आपल्याकडून गेली म्हणून पोरांनी पोक सेनला चहा पाजला.

डॉक्टरने सुईची वेळ सव्वापाचवर आणून दिली, पहाटे आणि संध्याकाळी. भिंतीवर कॅलेंडर लागलं, सुई दिली की खूण. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी कक नाब आपलं पेन रुमालात गुंडाळून घेऊन आली. दवाखान्यातून नवीन आणलं होतं, जुन्याची मुदत संपली होती.

“मला दे टोचून,” ती भावाला म्हणाली. “दवाखान्यातल्या पोरी आपल्या गप्पा मारत टोचतात. तुझा हात बसलाय आता.”

“तुला कॅलेंडरवर वेगळी खूण लागेल.”

“लाल कर माझी. आणि आधी त्याचं उरक, मला बघू दे.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी आधी साहेब आणि मग कक. साहेब सुई घेताना ताटली चाटत असत. कक नाब ओरडायच्या बेतात असायची, पण मांजर बघतंय म्हणून ओठ दाबून धरायची. अकोक तिने सोडला असं ती सांगते. मी अर्धा धरतो.

आठ महिन्यांनी हझवानीने तुआनची सुई थांबवली. म्हणाली, मांजरांत होतं असं कधीकधी, साखर ताब्यात येते आणि औषध लागेनासं होतं, फक्त लक्ष ठेवायचं आणि खाणं सांभाळायचं. कक नाबला हा सरळ अन्याय वाटला. “आजार नंतर झाला आणि बरा आधी झाला,” ती म्हणाली. “त्याने सांगितलेलं ऐकलं,” पोक सेन म्हणाला. दोन दिवस ती भावाशी बोलली नाही. सुई घ्यायला मात्र सव्वापाचला येत होती, मुकाट्याने दंड पुढे करून.

आणि पहाटेची सुई बंद झाल्यावर आलेल्या पहिल्याच शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पोक सेन झोपला. गुरुवारी रात्री नऊला आडवा झाला तो शुक्रवारी दुपारचा नमाज होऊन गेला तरी उठला नाही. मशिदीत त्याची जागा रिकामी दिसली, हे तीस वर्षांत पहिल्यांदा. इमाम स्वतः दोन माणसं घेऊन त्याच्या घरी आले, चेहरे मयताच्या घरी असायला हवेत तसे. दार उघडंच होतं. पोक सेन चटईवर तोंड उघडं टाकून घोरत होता.

इमाम थोडा वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “उठवू नका. उठला की सांगा, आम्ही येऊन गेलो. जनाजा पुढे ढकललाय.”