आकडा अर्ध्यावरच का थांबतो

बाबांचा जुना कॉम्प्युटर कबाड्याला द्यायचं ठरलं तेव्हा आईने एकच अट घातली. "देण्याआधी खोलून बघ. खराब यांनीच केला होता ना, एकदा पक्कं कळू दे." बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. कॉम्प्युटर बंद पडला त्याच सुमारास त्यांच्या हातात पेचकस दिसला होता, आणि तेवढ्या पुराव्यावर आईने त्यांना जन्मभर धारेवर धरलं. सुदामा नगरच्या घरी पाहुणे आले की पोह्यांबरोबर हा किस्सा हमखास वाढला जायचा. बाबा नुसते हसायचे.

मला मात्र आईच्या खटल्यापेक्षा त्या यंत्राचंच कुतूहल जास्त. चालू केलं की ते पडद्यावर स्वतःची मेमरी मोजायला लागे. आकडा भराभर चढे आणि अर्ध्यावर येऊन कुंई करून थांबे. दर वेळी तिथेच! असा नेमका हट्ट मला फार आवडतो.

आत मेमरीच्या काळ्या चिपांच्या दोन रांगा होत्या, प्रत्येक चिप आपापल्या सॉकेटात खोचलेली. निम्मा आकडा पार पडतो म्हणजे पहिली रांग शाबूत, संशय दुसरीवर. मी दोन्ही रांगांतल्या चिपांची अदलाबदल केली. चिप नासकी असेल तर आता सुरुवातीलाच अडायला हवं होतं. पण आकडा आपला पुन्हा अर्ध्यावरच. म्हणजे चिपा निर्दोष, त्यांची बसायची जागाच वाईट. मला इतका आनंद झाला की मी आईला हाका मारून बोलावलं.

दुसऱ्या रांगेतल्या चिपा काढून भिंगातून पाहिलं. सॉकेटांच्या बारीक भोकांत लालसर, चिकट मळ बसला होता. गंज म्हणावा तर रंग वेगळा. सुईने थोडा काढून बोटावर घेतला. आईने माझं बोट धरून उजेडाकडे नेलं.

"अरे, हे तर कुंकू."

खंडेनवमीला बाबांच्या हत्यारांबरोबर आई कॉम्प्युटरचीही पूजा करायची. फुलाने पाणी शिंपडायचं, वर हळद-कुंकू. झाकणाला हवेसाठी फटी होत्या, नेमक्या या रांगेच्या वर. कॉम्प्युटर बंद पडल्यावरही पूजा कधी चुकली नव्हती.

"मतलब मीच?" आई म्हणाली.

मी हसणार होतो, पण तिचा चेहरा पाहून पुन्हा सुईकडे वळलो. सॉकेटं साफ केली, चिपा बसवल्या. आकडा शेवटपर्यंत गेला, पण आईचं तिकडे लक्षही नव्हतं. झाकण लावायला घेतलं तेव्हा ते पहिल्यांदाच उलटं केलं. आतल्या बाजूने फटींवर चिकटपट्टी लावलेली होती, कडा बाबांच्या सवयीप्रमाणे कात्रीने सरळ कापलेल्या. फटींतून पडलेलं कित्येक वर्षांचं कुंकू त्या पट्टीवर साचलं होतं. बाबांना दुरुस्ती जमली नसावी, पण कारण तेव्हाच कळलं होतं.

आईने पट्टीवरून बोट फिरवलं.

"एकदा तरी उलटं बोलायचं होतं ना यांनी," ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं झाकण काढून घेऊन मांडीवर ठेवून बसून राहिली.