बाई लंगडल्या ती सकाळ

शास्त्राच्या बाई चालायच्या म्हणजे वादळ निघायचं! पदर खोचलेला, मान पुढे, आणि मागे आम्ही सातवीची पोरं धापा टाकत. निसर्गाचा धडा त्यांनी छपराखाली कधी शिकवलाच नाही. सकाळची शाळा सुरू झाली की औरंगाबादच्या बायपासपलीकडच्या माळावर वर्ग भरायचा. माळ तरी कुठला! शहर तिकडेच सरकत होतं. चुना लावलेले दगड पुरून जागोजाग प्लॉट पाडलेले.

काहीही विचारलं की बाईंचं उत्तर ठरलेलं : "मला काय विचारतोस? तिच्या मागं जा." ती म्हणजे मुंगी, पाल, कोकिळा, समोर असेल ती. फक्त थाप त्यांना खपत नसे. मी एकदा न पाहिलेला मोर वर्गात पिसारा फुलवून नाचवला, तर तास संपेपर्यंत मला कान धरून उभं राहावं लागलं. मोर मात्र सगळ्यांना फार आवडला होता!

ते दुष्काळाचं वर्ष. नव्या वसाहतीत पाणी टँकरने यायचं. टँकरच्या गळक्या तोटीखाली एक टिटवी येई, पोट भिजवी आणि उडून जाई. पाणी तर पीत नव्हती! बाईंनी बोट दाखवलं, आम्ही धावलो. एका प्लॉटच्या कोपऱ्यात, उघड्या खड्यांमध्ये, चार ठिपकेदार अंडी. तापलेल्या अंड्यांवर ती ओलं पोट टेकवून बसली.

"आपण पाणी घागरीनं आणतो," बाई कुजबुजल्या, "ही पोटानं आणते."

इतक्यात एक कुत्रं हुंगत आलं. टिटवीने काय सोंग काढलं! पंख मोडल्यासारखा लोळवत, किंचाळत भलतीकडेच लंगडत निघाली. कुत्रं मागे. लांब नेऊन सोडलं आणि झाली भुर्र! टाळ्या पिटण्यात बाई सगळ्यांत पुढे.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर मुरमाने भरलेला ट्रक त्याच कोपऱ्याकडे मागे मागे येत होता.

"अहो, थांबा! अंडी आहेत तिथं!" बाई ओरडल्या.

ड्रायव्हर डोकावला. "कुठंयत? मला तर नुसते खडे दिसायलेत. मालकानं हितंच टाक म्हणलंय, मॅडम. सरका."

चाक फिरलं. आणि बाई धाडकन कोसळल्या! "आई गं, मेले!"

ड्रायव्हरने उडीच मारली. "लई लागलं का हो?"

"पाय गेला माझा! त्या टोकाच्या कडुलिंबाखाली न्या. गाडीनंच न्या, टेकवत नाही."

कण्हत, लंगडत बाई केबिनमध्ये चढल्या. आमच्यातली एक मुलगी तर खरंच रडायला लागली. ट्रक टोकाला पोचला, मागोमाग धावत आम्हीही. "आता आलाच आहात, तर ओता की इथंच," बाईंचा आवाज आला. मुरूम कोसळला, धुळीचा लोट उठला आणि त्या लोटातून बाई बाहेर आल्या. तरातरा, दोन्ही पायांवर!

"ओ मॅडम, पाय?"

"राहिला!"

ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं, कोपऱ्यात परत बसलेल्या टिटवीकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "अस्सं! पाखराचं सोंग घेतलं व्हय!"

मी संधी सोडतो की काय? "बाई, ही थाप नव्हे का?"

बाई लालबुंद झाल्या. "आहेच," म्हणाल्या, आणि भर माळावर स्वतःचे कान धरून उभ्या राहिल्या. हसायची कुणाची हिंमत झाली नाही.

पण एका खेपेने काय वाचणार? पुढे रोज आम्ही जीव मुठीत धरून त्या कोपऱ्याकडे धावायचो. भोवती ढीग वाढत होते. कोपरा तेवढा रिकामा. एका सकाळी ड्रायव्हरच तिथे उकिडवा बसलेला.

"निघाली, मॅडम! चारही निघाली!"

खड्यांमधून चार लोकरीचे गोळे तुरुतुरु पळत होते.

"मालक काही बोलले नाहीत?" बाईंनी विचारलं.

"बोलले की. मी म्हणलो, त्या कोपऱ्यात चिखल हाय, गाडी रुतती."

दुष्काळात चिखल! बाईंनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, मग डबा उघडला आणि अर्धी पोळी त्याच्या हातावर ठेवली.

त्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. आता त्या नाहीतही. मला त्या आठवतात त्या अशाच : मुरमाच्या ढिगावर ड्रायव्हरशेजारी बसून, झेपावणाऱ्या टिटवीपासून हाताने डोकं वाचवत, तोंडात घास असताना खदखदा हसणाऱ्या.