गुंडूला किती लिटर?

लॉकडाउनमध्ये कुणी ब्रेड भाजायला शिकलं, कुणी गिटार आणून कोपऱ्यात उभी केली. इकडे नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नच्या आमच्या बिल्डिंगमधल्या दोन मराठी घरांनी मिळून एक मासा वाढवला. वाढवला कसला, तोच वाढला! आता चहाला जमलो की कुणीतरी "गुंडूचं आठवतंय का?" म्हणतं, आणि मग पोहे गार होतात. किस्से इतके साचलेत, की कुठला आधी घडला यावरून माझं आणि माझ्या नवऱ्याचं, नितीनचं, अजून वाजतं. माझंच बरोबर असतं, म्हणून मीच सांगते.

आधी अप्पा कोण ते ऐका. आमच्या वरच्या मजल्यावर शिरीष, मृणाल आणि त्यांची सात वर्षांची इरा राहतात. अप्पा म्हणजे शिरीषचे वडील. पुण्यात चाळीस वर्षं शाळांचे युनिफॉर्म शिवले त्यांनी. आदल्या दिवाळीच्या तोंडावर काकू, म्हणजे शिरीषची आई, गेल्या. शिरीषने अप्पांना फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी इकडे आणलं, आणि विमानंच बंद झाली! अप्पा दिवसभर खिडकीत बसायचे. "हो", "नको", "बघू" एवढंच बोलायचे. काकूंचं नाव निघालं की उठून आत जायचे. शिरीष एकदा आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडला. "वैशाली, ते आईबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलत नाहीत गं. आतल्या आत काहीतरी होईल त्यांना."

मग कुणीतरी सुचवलं, घरात मासा आणा.

*

इराला दुकानात ऑस्कर जातीचा मासा आवडला. काळा-नारिंगी, माझ्या अंगठ्याएवढा. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "टाकी किती लिटरची आहे?"

"साठ," शिरीष ऐटीत म्हणाला.

"मग नाही देणार."

शिरीषला वाटलं, चेष्टा करतेय. ती शांतपणे सांगायला लागली, की हा वर्षभरात फूटभर होतो, त्याला निदान साडेतीनशे लिटर लागतात, टाकी चार फूट लांब हवी आणि न घासता वळता येईल इतकी रुंद हवी.

"अहो, पण मी पैसे देतोय!"

"हो. पण राहायचं त्याला आहे."

शिरीष प्रोजेक्ट मॅनेजर. त्याला 'नाही' ऐकून घेता येत नाही. त्याने दोन दिवसांत ऑनलाइन शोधून एका स्टुडंटकडून तसलाच मासा आणला! अप्पांनी टाकी बघितली, मासा बघितला आणि म्हणाले, "शिरीष, वाढत्या अंगाचं घ्यायचं असतं. पहिलीतल्या पोराला दुसरीचं माप लावतो आपण."

कितीतरी दिवसांनी अप्पा सलग दोन वाक्यं बोलले होते. शिरीष इतका खूश झाला, की ते काय बोलले ते त्याने ऐकलंच नाही. "अप्पा, ही फक्त फेज वन आहे हो!"

*

फेज वन सात आठवड्यांत संपली. एवढा भराभर कसा वाढतोय, कळेना. मृणालने फ्रिजवर तक्ता लावला: खाणं दिवसातून एकदा, देणाऱ्याने सही करायची. तक्त्यावर रोज एकच सही, आणि गुंडूचं पोट मात्र आमच्या नितीनसारखं! गुंडू हे नाव अप्पांनीच ठेवलं होतं.

एका रविवारी मृणालने सगळ्यांना समोर बसवलं. शिरीष कबूल झाला, की मीटिंग संपली की तो चिमूटभर टाकतो. इरा ऑनलाइन शाळा सुरू व्हायच्या आधी टाकायची. मृणालला स्वतःलाही कबूल करावं लागलं, की गुंडूने काचेशी येऊन बघितलं की तिला राहवत नाही. अप्पा म्हणाले, "मी बाबा नियमाने एकदाच देतो."

"अप्पा, यू आर लायिंग!" इरा ओरडली. "तुम्ही त्याला 'अजून एक घास, अजून एक घास' म्हणता!"

अप्पा हसले. खरंच हसले. मृणाल आत जाऊन डोळे पुसून आली.

*

दुसरी टाकी एकशेवीस लिटरची, जुनी. शिरीषने गुंडूच्या वाढीचा एक्सेलमध्ये ग्राफ काढला आणि "सप्टेंबरपर्यंत निवांत आहोत" असं जाहीर केलं. अप्पा दर सोमवारी काचेला बाहेरून टेप लावायचे आणि इराच्या वहीत आकडा लिहायचे. जून उजाडला आणि वही ग्राफच्या पुढे निघून गेली.

शिरीष म्हणाला, "टेप चुकीची आहे."

अप्पांनी टेप शांतपणे गुंडाळली. "या टेपने तुझ्या लग्नाचा सूट शिवलाय."

विषय संपला! पण ऑगस्टमध्ये गुंडूला वळता येईना. नाक एका काचेला, शेपूट दुसऱ्या काचेला. नितीन तेव्हा इथल्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास झाला होता. तो टाकीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मागे, पुढे, मग परत मागे. माझ्यापेक्षा बरा वळतोय."

पण गुंडूच्या शेपटीची कड झिजली होती. अशा टाकीत मासा खुरटतो, कण्यात वाकतो, हे आता आम्हा सगळ्यांना वाचून वाचून पाठ झालं होतं.

*

शिरीषने शेवटी साडेचारशे लिटरची टाकी ठरवली. नितीन सिव्हिल इंजिनियर. त्याने कागदावर पाणी, काच, दगड, स्टँड सगळं मांडलं आणि सहाशे किलोच्या वर आकडा काढला. "वरच्या मजल्याची लाकडी जमीन आहे रे बाबा. गुंडू आमच्या सोफ्यावर येईल."

"लोड टेस्ट करू," शिरीष म्हणाला. "आठ-दहा जणांना कोपऱ्यात उभं करू."

"दीड-दीड मीटर अंतर ठेवून?" मी विचारलं.

घरमालकाला सविस्तर मेल गेली, दोन आकृत्यांसकट. उत्तर एका शब्दाचं आलं: नेय. म्हणजे नाही!

म्हणजे गुंडूला द्यायचा. हे अप्पांना कोण सांगणार? त्या घरात ते मोकळेपणाने कुणाशी बोलत असतील तर त्या माशाशी. शिरीषची छातीच होईना, शेवटी मृणालने सांगितलं. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "इथे त्याचे हाल होतायत, हे मला दिसतंय. पण कुणाला द्यायचा ते जागा बघून मी ठरवणार."

*

ऑनलाइन जाहिरात टाकली आणि स्थळं यायला लागली. नायमेखनहून आमच्या मालवणी मित्राचा, संदेशचा फोन आला. स्पीकरवर होता बिचारा, त्याला काय माहीत! "किती किलोचा भरेल रे? कापून देणार की अख्खा?" अप्पांनी स्वतः फोन कट केला.

मग आर्नहेमजवळच्या हेंक नावाच्या आजोबांची मेल आली. टाकी बाराशे लिटर. माशाचं वय काय, लांबी किती, खातो काय, रुसतो का, का देताय... पत्रिका तेवढी मागितली नव्हती. अप्पा म्हणाले, "हा माणूस बरा दिसतो."

*

सप्टेंबरमधल्या एका रविवारी अप्पा, शिरीष आणि मी निघालो. गुंडू झाकणाच्या बादलीत, अप्पांच्या पायांशी. जागा पटली नाही तर परत आणायचा, असं ठरलं होतं. मला मुद्दाम नेलं, कारण डच मला येतं. शिरीषचं डच "धन्यवाद"च्या पुढे जात नाही, आणि अप्पांना तर तेवढंही येत नाही, इंग्रजीही नाही.

हेंकने दार उघडलं आणि लांबूनच हात वर केला. पंच्याहत्तरीचा माणूस. करोनामुळे घरात एकालाच घेतो म्हणाला. मी म्हटलं, मी येते, मी दुभाषी आहे. तो म्हणाला, नाही, मासा ज्याचा आहे तो येऊ दे. एवढा तास-सव्वा तास प्रवास करून मी फुटपाथवर!

पण इथल्या खिडक्यांना पडदे नसतात, ते एक बरं. शिरीष आणि मी बागेच्या कुंपणाशी उभे राहून बघत होतो. अप्पांनी आत जाऊन टाकीची रुंदी वितीने मोजली. पाण्यात बोट बुडवलं. मग त्यांनी आमच्याकडे बघून मान डोलावली आणि हेंक येऊन बादली घेऊन गेला. आता निघायचं, असं आम्हाला वाटलं.

कुठलं काय! दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले. हेंक खूप वेळ बोलला. मग अप्पा बोलायला लागले. हातवारे करून, मध्येच थांबून, मध्येच चष्मा काढून. शिरीष माझा दंड धरून उभा होता. दीड तास झाला!

गाडीत बसल्यावर अप्पा म्हणाले, "चांगला माणूस आहे. बायको गेली त्याची मार्चमध्ये. हॉस्पिटलात आत सोडलं नाही म्हणे भेटायला."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" शिरीषने विचारलं.

"तोच म्हणाला."

शिरीषने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मी बाहेरच होते.

गुरुवारी हेंकची मेल आली. सगळ्यांसमोर मी ती मराठीत करून वाचली. "गुंडू दोन दिवस रुसला होता, काल जेवला. अप्पांना या रविवारी पुन्हा घेऊन या. त्यांच्या बायकोच्या शेवटच्या दिवसाचं ते सांगत होते, ते अर्धंच राहिलंय."