लाल म्हणजे वर

माझ्या मावशीला शाळेत सगळे शेपटीबाई म्हणतात. अर्थात पाठीमागे. एकतीस वर्षं ती पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवत आली. शब्दाच्या शेवटी 'वर', 'खाली', 'त', 'ला' असं जे चिकटतं, ती तिच्या भाषेत शेपटी. "पोरं शब्दाचं तोंड बघतात आणि शेपटी अंदाजानं ठोकून देतात. मांजर टेबलावर आहे की टेबलाखाली, हे शेपटीशिवाय कळणार कसं?" हे तिचं ठरलेलं वाक्य. मी लहानपणी हजारदा ऐकलंय.

तिच्या शेपट्या पत्र्याच्या होत्या. काका, म्हणजे तिचा नवरा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्यानेच त्या करून दिल्या, आणि त्या ज्यांना जोडायच्या ते 'झाडा', 'टेबला' असे शब्दही, साध्या काळ्या अक्षरांत. 'वर' लाल, 'खाली' निळी, 'त' हिरवी, 'ला' पिवळी. फळ्यावरही मावशी शेवटची अक्षरं त्याच रंगाच्या खडूने लिहायची. तिच्या वर्गातली मुलं अडखळायची नाहीत, धडाधड वाचायची. दुसरीच्या बाई मात्र दरवर्षी कुरकुरायच्या, "तुमची मुलं शब्दाचा शेवट खातात हो." घरी आल्यावर मावशी म्हणायची, "जळते मेली."

तिच्या निवृत्तीला सतरा दिवस उरले होते. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. ऑफिसजवळच्या वर्कशॉपमध्ये लेझरचं यंत्र आहे. म्हटलं, मावशीला नवा संच भेट देऊ. प्लायवूडच्या गुळगुळीत पट्ट्या, त्यावर कोरलेली ठसठशीत अक्षरं. रंग लावले नाहीत. लाकूडच इतकं छान दिसत होतं!

मावशी हरखली. लगेच पट्ट्या आणि मला घेऊन वर्गात गेली. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी तिची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिच्यासमोर मावशीने पत्र्याचं 'झाडा' ठेवलं आणि त्याला नवी 'खाली' जोडली.

"झाडा..." मुलगी थांबली. पट्टीकडे पाहिलं, मग मावशीच्या तोंडाकडे. "झाडाला?"

"नीट बघ गं."

"झाडात?"

मावशी हसली. "नव्या वस्तूला बुजली." दुसऱ्या मुलाला उठवलं. तो म्हणाला, "झाडावर." तिसरा पट्टी उलटीसुलटी करून बघत राहिला. मावशीचं हसू हळूहळू मावळलं.

 काय झालं असेल ते माझ्या लक्षात आलं होतं, पण खात्री हवी होती. मी कागदाची पट्टी घेतली, लाल पेनाने त्यावर 'खाली' लिहिलं आणि जुन्या पत्र्याच्या 'झाडा'शेजारी धरली.

"झाडावर!" अख्खा वर्ग ओरडला. खणखणीत. एकसुरात.

मावशीने कागद माझ्या हातातून घेतला. तीनदा वाचला.

"पण यांना अक्षरं येतात," ती म्हणाली. "ख येतो. ल येतो. मी विचारलंय."

"येतात गं. पण शेवटाकडे बघायची गरजच पडली नाही त्यांना. लाल म्हणजे वर."

"आणि पुस्तकातले धडे?"

"रोज मोठ्यानं म्हणून घेतेस. पाठ झालेत."

ती बाकावर बसली. लहान मुलांचा बाक, गुडघे हनुवटीला लागले. मधली सुट्टी झाली, पोरं तिच्या अंगावरून धावत गेली, ती उठली नाही. सुट्टी संपल्यावर म्हणाली, "दुसरीत जाऊ या."

दुसरीच्या वर्गात तिने फळ्यावर पांढऱ्या खडूने सहा शब्द लिहिले. गेल्या वर्षीची तिची सव्वीस मुलं. सहाच्या सहा नीट वाचणारी निघाली नऊ. दुसरीच्या बाईंनी स्वतःची खुर्ची मावशीपुढे सरकवली, हे जास्त लागलं.

घरी काकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे एकतीस वर्षं पोरं माझा रंग वाचत होती?"

"विनोद करू नका."

"विनोद नाही करत," तो म्हणाला, आणि खरंच करत नव्हता. त्याने रात्रीच्या जेवणाआधी सगळ्या शेपट्यांची अक्षरं काळी करून टाकली.  मावशी शेजारी बसून वाळलेल्या पट्ट्या उचलत होती.

उरलेले सगळे दिवस ती एकेका मुलाला जवळ घेऊन बसली. शेवटच्या अक्षराखाली बोट. स्वतः मान डोलवायची नाही, ओठ हलवायचे नाहीत, थांबायचं. मी विचारलं, "किती जमले?" तर म्हणायची, "आज नको विचारूस."

निरोपाच्या दिवशी हॉल भरला होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाईंच्या हाताखालून वाचता न येणारं एकही मूल बाहेर पडलं नाही." टाळ्या झाल्या. मावशी उठली.

"हे खरं नाही," ती म्हणाली.

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या.

"यंदाची अकरा मुलं राहिलीत. दुसरीत सतरा आहेत. त्याआधीची किती, मला माहीत नाही. चूक माझी आहे. सोमवारपासून मी रोज तासभर येईन. मला वर्ग नको, कोपरा द्या."

मुख्याध्यापिकेच्या हातातला हार तसाच राहिला.  

मागच्या रांगेतून दुसरीच्या बाई उभ्या राहिल्या.

"साडेदहाला या," त्या म्हणाल्या. "खिडकीजवळची जागा रिकामी करून ठेवते."