पुसलेलं तेल
ऑलिव्ह तेलाची बाटली उघडली की आयर्लंडमधल्या कासलबारच्या आमच्या शेजारच्या म्हातारीचं कपाळ आठवतं. ती अगदी शेवटच्या घटका मोजत होती. माझ्यासमोरच गावच्या फादरनी कपाळाला मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावलं, तेव्हा ती चक्क हसली. फादर जाताच तिच्या मुलाने ओल्या टिश्यूने ते खसाखसा पुसलं. "याला दीक्षा देणारा बिशपच खोटा, मग हा कसला फादर? आपले खरे फादर लिमरिकहून निघालेत, मॅमी." ती कपाळ चाचपत रडत राहिली आणि तशीच गेली. खरे फादर उशिरा पोचले. सगळं ऐकून हळूच म्हणाले, "मलाही त्याच बिशपांनी दीक्षा दिलीय." मुलगा केराच्या डब्यात हात घालून तो टिश्यू शोधू लागला. पवित्र तेल केरात जाऊ नये म्हणून मी तो मघाशीच शेगडीत टाकला होता. सांगितलं नाही, आजही सांगणार नाही.