आभार मानायला उभे राहिलेले मामा

एक गोष्ट आधीच कबूल करतो, कारण ती दडवून मामांविषयी लिहू लागलो तर पुढचे प्रत्येक वाक्य मला खोटे वाटेल. बंगळुरातल्या आमच्या चामराजपेटेत सरकारी उधळपट्टीवर आणि देशाच्या कर्जावर जो आवाज वर्षानुवर्षे गरजत होता, तो एके दिवशी एकाएकी थांबला. मंत्र्यांना तो थांबवता आला नव्हता, मामींना आला नव्हता, वयालाही आला नव्हता. तो मी थांबवला, आणि तीन वर्षे ही गोष्ट कोणालाही, अगदी पत्नीलाही, कळू दिली नाही.

मामा म्हणजे माझ्या पत्नीचे मामा. त्यांच्याइतका निर्भय वक्ता मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका अवेळी बोलणाराही पाहिला नाही. तीन पिढ्या बंगळुरात गेल्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड शब्द पाहुण्यासारखे येत आणि घरच्यासारखे राहत. सरकारच्या खर्चावर ते मराठीत टीका करीत, कर्जाचा विषय निघाला की कन्नडमध्ये शिरत, आणि रागावर ताबा सुटला की इंग्रजीचा आधार घेत. त्यामुळे कोणत्याही भाषेच्या श्रोत्याला आपल्या वाट्याला थोडेतरी आले असे वाटे. पस्तीस वर्षे त्यांनी एका सरकारी कारखान्यात यंत्रे जुळवली होती, पण त्या मिठालाही ते जागले नाहीत. निरोपसमारंभात, साहेबांच्या शेजारी हार घालून उभे असताना ते म्हणाले होते, "पस्तीस वर्षांत मी उपयोगाचं काम जेमतेम बारा वर्षं केलं. बाकीची तेवीस वर्षं मी काम करतो आहे याची नोंद ठेवणाऱ्यांना काम मिळावं म्हणून गेली." साहेबांनी टाळ्या वाजवल्या, कारण साहेब पंजाबी होते आणि हे वाक्य मराठीत होते.

मामांना व्यासपीठ लागत नसे. आमच्या रस्त्यावर एकाच उन्हाळ्यात पाण्यासाठी, मग दूरध्वनीसाठी आणि मग पुन्हा पाण्यासाठी खणले गेले, तेव्हा तिसऱ्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून त्यांनी मजुरांपुढे कन्नडमध्ये जे भाषण केले ते ऐकायला बसथांब्यावरची मंडळीही जमली. "हा खड्डा कर्ज काढून खणलेला आहे! बुजवण्यासाठी दुसरं कर्ज काढतील! आणि दोन्ही कर्जांचं व्याज भरायला तिसरं!" मजुरांचा मेस्त्री शांतपणे विडी ओढत होता. तो म्हणाला, "खरं आहे, अज्जा. पण स्वल्प मागं सरा, नाहीतर तुम्हाला वर काढायला चौथं काढावं लागेल." मामा इतके खूश झाले की घरी जाऊन त्या सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आले. विनोदबुद्धी असलेला माणूस अर्थखात्यात का नाही, हा प्रश्न त्यांना पुढे आठवडाभर छळत होता.

लग्नात त्यांना आशीर्वादपर दोन शब्द बोलायला सांगणे हा अनुभवी यजमान कधीच करीत नसत असा प्रमाद होता. नवख्या एका व्याह्यांच्या हातून तो घडला. मामांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला, वधूवरांकडे मायेने पाहिले आणि म्हणाले, "तुम्ही दोघं एवढंच करा, मिळवाल त्यापेक्षा कमी खर्च करा. या देशात अशी निदान दोन माणसं आहेत, हे मला मरण्यापूर्वी बघू द्या." इथे थांबले असते तर आशीर्वाद उत्तम होता. पण मग विषय महसुली तुटीकडे वळला, अक्षता लोकांच्या मुठीत ओलसर झाल्या आणि शेवटी मामी उठून उभ्या राहिल्या. "अहो, लग्न आहे ते, लोकसभा नाही. पोरं उपाशी आहेत."

उपाशी राहण्याचे मामांना मात्र कौतुक होते. अर्थसंकल्प त्या काळी संध्याकाळी पाच वाजता मांडला जाई, आणि त्या दिवशी मामांचा सकाळपासून कडकडीत उपास असे. अर्थमंत्र्यांचे भाषण संपल्यावर, तुटीचा आकडा कागदावर लिहून घेतल्यावरच ते पाणी पीत. ज्या वर्षी देशाचे सोने परदेशी गहाण पडले, त्या वर्षी मामींच्या पाटल्या मोडून नव्या घडवायच्या ठरल्या होत्या. मामांनी तो बेत रद्द केला. "देशाचं सोनं परक्याच्या तिजोरीत असताना या घरात नवा दागिना येणार नाही." मामी दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "कर्ज त्यांनी काढायचं आणि हात माझे ओकेबोके!" पण ते सोने सुटल्याची बातमी ज्या सकाळी वर्तमानपत्रात आली, त्या सकाळी मामा दाढीसुद्धा न करता मामींना रिक्षात घालून सराफाकडे घेऊन गेले, हेही मला सांगायला हवे.

आता पेटीविषयी सांगतो, कारण माझा अपराध तिच्याशी निगडित आहे. आमच्या लहानशा मराठी मंडळाचा गणेशोत्सव दरवर्षी होई आणि मी मंडळाचा चिटणीस होतो. उत्सवासाठी लागणारा ध्वनिवर्धक मामांनी स्वतःच्या हातांनी बनवला होता. एस. पी. रोडवरच्या दुकानांतून एकेक सुटा भाग निवडून आणायचा, रविवारी बसून जोडायचा, असे करत त्यांनी लाकडी खोक्यात तो ॲम्प्लिफायर उभा केला. समोर हिरवा दिवा, मागे दोन कर्ण्यांच्या तारा. सगळे त्याला मामांची पेटी म्हणत. गणपतीची आरती, मुलांची नाटुकली, बायकांची गाणी, सगळे त्या पेटीतून गेले, आणि अकरा वर्षांत ती एकदाही खरखरली नाही. मामांच्या दृष्टीने ती नुसती वस्तू नव्हती, त्यांच्या सगळ्या भाषणांचा पुरावा होती. पेटीवर थाप मारून ते म्हणत, "हेच सरकारनं केलं असतं तर आधी समिती, मग इमारत, मग उद्घाटन. आवाज शेवटपर्यंत आला नसता."

त्या वर्षी उत्सवाच्या अखेरच्या दिवशी राज्याचे एक मंत्री यायचे होते. मंडळाला सभागृह नव्हते, आणि त्यासाठी अनुदान जाहीर होईल अशी कुणकुण होती. मी सहा महिने खेटे घालून हे जुळवून आणले होते. प्रथेप्रमाणे आभार मानण्याचे काम सर्वांत ज्येष्ठ सभासदाचे, म्हणजे मामांचे. आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो.

"मामा, उद्या फक्त दोन मिनिटं. आणि फक्त आभार."

"जावईबापू, तुम्ही इतकं हळू बोलता की मला वाटतं कानात मंत्र देताय."

"फक्त आभार, मामा."

"सरी, सरी! ठीक आहे, आभारच मानतो. आणखी काय मानणार?"

मंत्र्यांनी अनुदान जाहीर केले. टाळ्या झाल्या. मामा उठले, पेटीच्या हिरव्या दिव्याकडे पाहून घेतले आणि सुरुवात केली. "मंत्रिमहोदयांचे आभार. त्यांनी आपल्याला सभागृह दिलं. पण ज्यांच्या पैशातून दिलं, त्यांचे आभार आधी मानायला हवेत. अडचण अशी आहे की ते इथं हजर नाहीत. ते अजून जन्मलेले नाहीत. हे कर्ज फेडण्यासाठी ते यथावकाश जन्माला येतील..."

मी पडद्यामागे पेटीशेजारी उभा होतो. मंत्र्यांच्या सचिवाची मान माझ्या दिशेने वळलेली दिसली. मी खाली वाकलो आणि पेटीची पिन भिंतीतून उपटली.

कर्णे मुके झाले. मामांचे ओठ थोडा वेळ हलत राहिले, मग थांबले. मंत्री घाईने उठले, कोणीतरी नारळ दिला, गाड्या निघून गेल्या. त्या गडबडीत मी पिन पुन्हा बसवली. मामा पडद्यामागे आले तेव्हा हिरवा दिवा शांतपणे तेवत होता. त्यांनी दिव्याकडे पाहिले, मंडपातल्या जळत्या ट्यूबलाइटकडे पाहिले. "वीज गेली नव्हती," ते स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे दोष आतच आहे." मग पुन्हा व्यासपीठावर जाऊन, उरलेल्या वीस-पंचवीस माणसांपुढे, आयुष्यात कोणाचीही क्षमा न मागितलेल्या त्या माणसाने हात जोडले. "मंडळी, क्षमा करा. माझ्या पेटीनं ऐन वेळी दगा दिला." मी पडद्यामागे उभा राहून ते ऐकले. तेव्हाच बाहेर जाऊन बोलायला हवे होते. मी खुर्च्या उचलायला लागलो.

त्यानंतर दीड महिना मामांनी ती पेटी उघडून सगळे भाग टेबलावर मांडले, प्रत्येक टाका पुन्हा लावला, प्रत्येक तार तपासली. दोष सापडेना. जो नव्हताच तो सापडणार कसा? मी रविवारी जात असे, भिंग डोळ्याला लावून बसलेल्या त्यांना पाहत असे आणि कॉफी पिऊन परत येत असे. पुढच्या वर्षी त्यांनी पेटी दिली नाही. मंडळाने भाड्याचा ध्वनिवर्धक आणला. मामा चौथ्या रांगेत बसले आणि आरती संपताच घरी गेले. लग्नात आग्रह झाला तरी ते उठेनात. रस्ता पुन्हा खणला गेला, तेव्हा त्यांनी खिडकीतून पाहिले आणि खिडकी लावून घेतली. अर्थसंकल्पाच्या दिवशी दुपारी बारा वाजता जेवले, हे सांगताना मामींचे डोळे भरून आले होते. मी एकदा भीतभीत विचारले, "मामा, हल्ली बोलत नाही तुम्ही?" ते म्हणाले, "ज्याला आपल्या पेटीतला दोष सापडत नाही, त्यानं देशाच्या तिजोरीतले दोष काढू नयेत."

अनुदानाचे विचाराल, तर ते मंत्रिमंडळच टिकले नाही. सभागृहाच्या जागेवर आजही नारळाची दोन झाडे आहेत.

तीन वर्षांनी मामांच्या मुलाने व्हाइटफील्डकडे नव्या इमारतीत घर घेतले आणि चामराजपेटेतले बिऱ्हाड आवरायचे ठरले. एका रविवारी दुपारी मी मदतीला गेलो. दारात भंगारवाला बसला होता आणि त्याच्यासमोर पेटी ठेवलेली होती.

"चालते का, अण्णा?" त्याने विचारले.

"दोष आहे तिच्यात. तो कुठं आहे ते मला माहीत नाही," मामा म्हणाले. "पण आहे. फसवून विकणार नाही मी. थांब, लावून दाखवतो." त्यांनी पिन बसवली. एक कर्णा सज्जात, रस्त्याकडे तोंड करून पडला होता; त्याची तार जोडली. हिरवा दिवा लागला. मग ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला. "बोला काहीतरी, जावईबापू. मी ऐकतो, कुठं तुटतं ते." आणि कान, आता थोडा अधू झालेला, पेटीजवळ नेऊन ते बसले, जणू एखाद्या आजारी माणसाच्या छातीला कान लावावा तसे.

"मामा," मी म्हणालो, "पेटीत दोष नाही."

"ऐकू येत नाही. मोठ्यानं."

मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. भंगारवाल्याने तराजू खाली ठेवला. मी आयुष्यात कधी मोठ्याने बोललो नव्हतो. आमच्या घरी तशी पद्धत नव्हती, आणि मीही त्या पद्धतीच्या आडोशाला पुष्कळ सोयीने राहिलो होतो. मी श्वास घेतला. कर्ण्यातून माझाच आवाज रस्त्यावर गेला, न खरखरता, न तुटता, समोरच्या फुलवालीपर्यंत आणि बसथांब्यापर्यंत, आणि तो माझा आहे हे मला क्षणभर ओळखता आले नाही:

"मामा, त्या दिवशी पिन मी काढली होती. तुमची पेटी निर्दोष आहे. चूक माझी होती. मला क्षमा करा."