अर्विनमामाच्या पाण्याच्या खेपा

अर्विन अटाकाई माझा सख्खा मामा. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात आमच्या नवाहो आदिवासींच्या वस्तीवरच्या शाळेत तो सव्वीस वर्षं देखभालीच्या कामाला होता. फुटकी खिडकी, तुंबलेला संडास, ऐन थंडीत बंद पडलेला बॉयलर, सगळं त्याच्याच गळ्यात. मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

दर वसंतात बाहेरगावची पंधरा-वीस माणसं आठवडाभर सेवेला येतात. कधी भिंती रंगवतात, कधी मुलांना गोष्टी वाचून दाखवतात. माणसं वाईट नसतात. त्या वर्षी आलेल्यांनी शाळेमागे पीचची तीस रोपं लावली, प्रत्येक रोपाला एकेका मुलाच्या नावाची पत्र्याची पट्टी बांधली, मुलांना मिठ्या मारल्या, डोळे पुसले आणि गेली.

जूनमध्ये शाळेच्या बोअरचं पाणी खाली गेलं. मुख्याध्यापिका रोझलिनबाई म्हणाल्या, "अर्विन, पाणी फक्त स्वयंपाकघराला नि संडासाला. झाडांचं राहू दे."

"राहू दे कसं? पोरांची नावं आहेत त्यांच्यावर."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मामा पिकअपवर टाकी चढवून चौदा मैलांवरच्या सभाघराच्या नळावर जायचा. तिथे रांग. कुणाला घरी प्यायला पाणी हवं, कुणाला मेंढ्यांना.

"काय अर्विन, बागायतदार झालास की रे!" लोक चिडवायचे.

"झालो ना. बाग तेवढी दिसत नाही अजून."

परतताना कच्च्या रस्त्यावर टाकीतलं पाव पाणी हिंदकळून सांडायचं. उरलेलं बादलीनं एकेका रोपाला. मामाची साठी उलटलेली, कंबर आधीच कामातून गेलेली. पिकअपमधून उतरताना तो दाराला धरून थोडा वेळ नुसता उभा राही.

"मामा, सोड ना आता. लावणारे विसरलेसुद्धा असतील," मी एकदा म्हटलं.

"सोडणारच आहे गं. फक्त कुठल्या दिवशी, ते ठरत नाही. रोज वाटतं, आजच्या दिवस घालू."

वाऱ्यानं आणि शेजारच्या शेळ्यांनी त्याचं ऐकलं नाही. ऑगस्टपर्यंत अकरा रोपं उरली. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मामानं मेलेल्या रोपांवरच्या पट्ट्या सोडवल्या आणि जगलेल्यांवर बांधल्या.

दुसऱ्या दिवशी सात वर्षांची शांडीन त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी. "आजोबा, माझ्या झाडावर आणखी दोघींची नावं का?"

"त्या तुझ्या कोण लागतात?"

"एक मावसबहीण. दुसरी आमच्याच कुळातली."

"मग झालं तर! तिघी एका घरात राहा. भांडायचं नाही."

शांडीननं जरा विचार केला आणि मान डोलावली. मामा स्वयंपाकघरात येऊन बसला. मी कॉफी दिली, ती तशीच गार झाली.

पुढच्या वसंतात नवी माणसं आली ती चाळीस रोपं घेऊन. त्यांची प्रमुख डोरीन, निवृत्त नर्स. मामा तिला म्हणाला, "बाई, खड्डे मी खणेन. तुम्ही माझ्याबरोबर पाण्याला चला."

डोरीन आणि तिघं जण गेले. रांगेत दीड तास, मग रस्ता, मग बादल्या. दोन खेपांत दिवस संपला. डोरीन पायरीवर बसून तळहातावरचे फोड बघत होती.

"हे तुम्ही कितीदा करता?"

"आठवड्यातून दोनदा."

"एकटेच?"

मामा रिकाम्या बादल्या पिकअपमध्ये टाकायला गेला.  दुसऱ्या दिवशी डोरीननं दहा रोपं शाळेत ठेवली आणि बाकीची ओढ्याकाठच्या, पाणी जवळ असलेल्या घरांत, मागतील त्यांना वाटून टाकली.

त्याही उन्हाळ्यात मामानं पाणी आणलं, शनिवारी मी जायची. ऑक्टोबरमध्ये तो निवृत्त झाला. आता दुपारी खुर्चीतच झोपतो, हाक मारली तरी उठत नाही.

मध्यंतरी पुढच्या गटाचं पत्र आलं, येताना काय आणू म्हणून. रोझलिनबाई मामाला विचारायला घरी आल्या.

"लिहा," मामा डोळे मिटूनच म्हणाला, "एक ड्रायव्हर आणा. आणि जाताना त्याला इथेच ठेवून जा."

बाई हसल्या. नंतर मी पाहिलं, पत्रात त्यांनी वह्या आणि रंग मागवले होते.